बोहनीचं गिऱ्हाईक

हे होते तोवर वाशीमचा भाजीबाजार त्यांच्याकडे होता. पिशवी घडी करून खिशात ठेवायची, एक फेरी नुसती बघत मारायची, घरात काय आहे ते आठवायचं आणि मगच पिशवी बाहेर काढायची, ही त्यांची रीत. "हातात पिशवी दिसली का माणूस गिऱ्हाईक होते," म्हणत. मी घरी वाचत बसलेली असे. कांद्याचा भाव मला त्यांच्याकडूनच कळायचा.

ते गेल्यावर मी सकाळी लवकर, दुकानं लागायच्या वेळेला बाजारात जाऊ लागले. उशिरा गेलं की कुणीतरी ओळखीचं भेटे, हात धरे, आणि टोमॅटोच्या ढिगाशी उभं राहून मला दवाखान्यातले ते दिवस पुन्हा सांगावे लागत. लवकर गेलं की ते टळे. पण तेवढ्या लवकर येणारं माणूस बोहनीचं असतं, हे मी लक्षात घेतलं नव्हतं.

"या बाई, बोहनी हाये. नाही म्हणू नका."

दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक काही न घेता गेलं तर धंदा बसतो, असं इथे सगळेच मानतात. मी मानत नाही. पण माझं कपाळ नुकतंच मोकळं झालं होतं. दुपारपर्यंत माल पडून राहिला तर "सकाळीच ती बाई आली होती" असं कुणी म्हणेल, ही भीती पुस्तकं वाचून जात नाही. मी घेत गेले. मेथीला जाऊन वांगी, गवार, भोपळा आणला. मग गाळण्या, कंगवे, पायपुसणी. बाकीचा बाजार फोनवर पैसे घेतो, बोहनी मात्र नगद लागते. म्हणून मी पर्समध्ये सुट्ट्या नोटाही ठेवू लागले.

मुलगा अकोल्याहून आला. त्याने फ्रिज उघडला आणि तसाच दार धरून उभा राहिला.

"आई, पंगत हाये का घरी?"

"स्वस्त मिळालं."

"अन् गाळण्या? चहाचं हॉटेल टाकून राह्यली का तू?"

मी हसले. तो हसला नाही. खालच्या कप्प्यातली सडलेली मेथी त्याने गुपचूप बाहेर नेऊन टाकली. हात धुऊन आला आणि म्हणाला, "हे असंच चाललं तं मी तुले इथं एकटं ठेवत नाही. दिवाळीले घर बंद करू. चाल माह्यासंगं."

त्याचं चुकत नव्हतं. पण या घरात मला अंधारातही दिवा न लावता वावरता येतं. दुसरीकडे मी पाहुणी झाले असते.

पुढच्या खेपेला फक्त लिंबं आणायची असं ठरवून गेले. कोपऱ्यावरच्या भाजीवालीने हाक मारली. वयाने माझ्याएवढीच, रोजची ओळखीची.

"बाई, गवार पाहा कशी कवळी हाये. बोहनी करा."

घरात गवार होती. तरी घेतली. तिने नोट पोत्याखाली सरकवली. मी चार पावलं पुढे गेले आणि चपलेचा पट्टा तुटला. शेजारच्या गाडीला धरून वाकले होते, तेवढ्यात हिरव्या बांगड्यांची एक तरुण सून आली आणि मिरच्या घेऊन गेली. तिची नोट भाजीवालीने कपाळाला लावली, तराजूला टेकवली, टोपल्यांवरून फिरवली.

"झाली माय बोहनी," ती शेजारणीला म्हणाली. "केव्हाची वाट पाहून राह्यली होती."

शेजारणीची नजर माझ्यावर पडली. तिने भाजीवालीला कोपर मारलं. मग भाजीवाली घाईने म्हणाली, "पट्टा तुटला का बाई? माही चप्पल घालून जाता का?" तिला खरंच वाईट वाटलं होतं. मी नको म्हटलं आणि चप्पल हातात घेऊन घरी आले.

गवार निवडत बसले. इतके दिवस ज्या बोहनीपायी मी घर भरत होते, ती माझ्या हातची कुणी धरतच नव्हतं. मी तशीच निघून गेले असते तरी कुणाचं काही अडलं नसतं.

मुलगा परत आला तेव्हा फ्रिजमध्ये लिंबं, दूध आणि थोडी मेथी होती.

"आता कसं!" तो म्हणाला. "बरा आवरला हात." दिवाळीचा विषय त्याने काढला नाही. मी चहा ठेवला.

मी अजून लवकरच जाते. हाक येते. नको म्हणते आणि पुढे चालू लागते. ते सोपं झालं आहे, आणि इतकं सोपं व्हायला नको होतं असं वाटत राहतं.