साप चावल्यास ज्येष्ठतेनुसार फोन करावा

सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे गप्प बसले. हा माझा आरोप आहे. कुणावर, ते सांगत नाही. ज्याचं त्याला कळेल. डॉक्टरांच्या संघटनेत "कोण पुढे येतं?" असं विचारलं की हात वर करायचा नसतो, हे एमबीबीएसला शिकवत नाहीत, एमडीला शिकवत नाहीत, आणि ज्यांना ते पाठ आहे ते सांगत नाहीत.

मी हात वर केला. त्याला आता दीड वर्ष झालं. पेशंटचे किस्से बाहेर सांगता येत नाहीत, ते पोटात ठेवावे लागतात. समितीचे मात्र साचत जातात, जुन्या केसपेपरसारखे. कुणी बघत नाही, टाकवतही नाहीत. मग चहाला कुणी भेटलं की गठ्ठा सुटतो.

*

हात का वर केला ते आधी सांगते, नाहीतर मी मूर्ख वाटेन.

देवळीला माझा छोटा दवाखाना आहे. नाचणगावच्या शोभाताई बहिणीकडे राहायला आल्या होत्या, त्या माझ्याकडे हाताच्या ड्रेसिंगला यायच्या. कापूस वेचताना साप चावला होता. पहिला दवाखाना बंद. दुसऱ्यानं धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं. तिसरा म्हणाला, "मोठ्या दवाखान्यात न्या." कोणत्या, ते नाही सांगितलं. सगळी दुपार रस्त्यात गेली. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं गेली. आणि वेचणीचं काम सगळं बोटांचं.

"दुखतं का अजून?" मी एकदा विचारलं.

"दुखत नाई जी," त्या म्हणाल्या. "पण कुठी जाचं ते कोनी सांगतलं असतं तं..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मला पुरं करावंसं वाटलं. एक कागद हवा होता. साप चावला तर काय करायचं नाही, औषध कोणत्या दवाखान्यात मिळतं, फोन कुणाला करायचा. पेरणीच्या आधी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. एक कागद, बस!

त्याच महिन्यात वर्ध्याला संघटनेची सभा होती. अध्यक्ष ढोके सर माइकवर म्हणाले, "आपण सर्पदंश समिती बनवून राह्यलो. कोण पुढे येतं?"

माझा हात वर. शंभरेक खुर्च्यांत एकटा. शेजारच्या बालरोगतज्ज्ञ मॅडम ओठ न हलवता पुटपुटल्या, "खाली घे बाई. अजून टाळ्या नाही सुरू झाल्या."

तेवढ्यात सुरू झाल्या. केवढ्या वाजल्या! मला वाटलं, माझ्यासाठी. आता कळतं, त्या सुटकेच्या होत्या.

*

समितीत नऊ जण नेमले. पहिल्या मीटिंगला मी अकराला हजर. हॉलचं कुलूप वामनरावांनी उघडलं. वामनराव म्हणजे आमच्या हॉलची देखभाल करणारे आणि चहा करणारे. साडेअकरा झाले, बारा झाले. आम्ही दोघंच.

सचिव इंगोले सरांचा फोन आला. "कोरम झाला का मॅडम?"

"वामनरावांना धरून दोन आहोत सर."

"मग धरा त्यांले!"

धरलं. मी वामनरावांना सगळा कागद वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "अक्षर मोठं ठेवजा. आमच्या वयाच्याले दिसत नाई." दीड वर्षात समितीकडून मला आलेली ही एकमेव उपयोगी सूचना.

दोन दिवसांनी मीटिंगचं इतिवृत्त आलं. उपस्थिती नऊ. "विषयावर सखोल चर्चा झाली." शेवटी माझ्याच नावावर आभारप्रदर्शन. इतकं छान लिहिलं होतं की आपणही त्या मीटिंगला असायला हवं होतं, असं मला वाटून गेलं.

*

मसुदा ग्रुपवर टाकला, सकाळी दहाला. खाली लिहिलं, "कृपया सूचना द्याव्यात, निकड आहे."

दहा वाजून दोन मिनिटांनी कुणाच्या तरी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस निघाला. केक, फुलं, हात जोडलेले. माझा कागद वर वर सरकत दिसेनासा झाला. दुपारी तोच पुन्हा टाकला. त्याला अकरा अंगठे मिळाले, एक "नाइस मॅडम" मिळालं, आणि एका ज्येष्ठ सर्जननी, बहुधा दोन्ही मेसेज एकदमच वाचून, लिहिलं, "सर्पदंशाच्या हार्दिक शुभेच्छा!"

त्याखाली सात जणांनी "सेम टू यू सर" लिहिलं.

संध्याकाळी एकच गंभीर सूचना आली. समितीचं नाव निगेटिव्ह वाटतं, बदलावं. 'जीवनज्योत' कसं राहील? त्यावर चर्चेसाठी उपसमिती नेमली. उपसमितीच्या दोन मीटिंगा झाल्या, तेवढ्यात जून आला, पेरण्या उरकल्या, कागद माझ्या बॅगेतच राहिला. त्या पावसाळ्यात शोभाताईंसारखे किती जण दारोदार फिरले, ते मी कुणाला विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

*

हिवाळ्यात आष्टीला प्रशिक्षण ठेवलं. आशाताईंसाठी आणि खेड्यांवर प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांसाठी. वेळ दहा ते एक. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मग शाल-श्रीफळ. पाहुणे चार होते, पण ज्यांनी पाहुण्यांना आणलं त्यांचाही सत्कार, आणि ज्यांनी शाली आणल्या त्यांचाही. डॉक्टरमंडळी नोंदणी टिकवायला लागणाऱ्या प्रशिक्षणाच्या गुणांसाठी आली होती. सही करून ती भिंतीला टेकून उभी होती, जेवणाच्या दाराजवळ.

मला माइक मिळाला तेव्हा एकला बारा मिनिटं कमी होती. मी धापा टाकत बोलले. संपताना एक आशाताई उठल्या.

"मॅडम, चावलेल्या माणसाले गाडीत न्याचं कसं? बसवून का झोपवून?"

सबंध दिवसातला हाच खरा प्रश्न! मी तोंड उघडलं, तर सूत्रसंचालकांनी माइक घेतला. "प्रश्नोत्तरं भोजनानंतर."

भोजनानंतर कोण थांबतं? मग मी जेवणाच्या रांगेतच सुरू केलं. तीन खुर्च्या जोडल्या, त्या आशाताईंना आडवं केलं. वर्तमानपत्राची जाड घडी त्यांच्या हाताखाली ठेवली, आणि बांधायला काही दिसेना म्हणून टेबलावरची शाल घेऊन हात हलणार नाही असा सैलसर बांधला. "आवळायचं नाही, कापायचं नाही, चालवायचं नाही. असं झोपवून न्यायचं." बघता बघता भोवती पंधरा-वीस आशाताई. हातात ताटं, पण जेवत कोणीच नाही. त्या बांधून बघायला लागल्या, एकमेकींना रागवायला लागल्या, "अवं, आवळू नोको ना!" मला वाटलं, चला, दिवस सत्कारणी लागला.

खांद्यावर टकटक झाली. इंगोले सर. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, ती शाल पाहुण्यांची आहे."

*

यंदा ठरवलं, पोस्टर छापूनच दम घ्यायचा. ढोके सरांनी मजकूर पाहिला, खूश झाले, वर चार पदाधिकाऱ्यांचे फोटो जोडून पाठवला. फोटोंमुळे जागा पुरेना म्हणून त्यांनी मजकूर "थोडा टाइट" केला होता. सापाचं चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं झालं.

देवळीच्या प्रेसवाल्यानं प्रूफ बराच वेळ निरखलं. "मॅडम, एक विचारू? हे वरचे चारही बिनविषारी ना?"

मी हसले नाही. घरी येऊन हसले, एकटीच.

फोटो मी लढून काढले. खरी लढाई पुढे होती. मदतीसाठी फोन नंबर चौदा. कोणत्या क्रमानं?

"ज्याच्याकडे औषध आहे आणि जो जवळ आहे, तो आधी," मी म्हटलं.

कार्यकारिणीतल्या एकानं सभासदांची यादी पुढे सरकवली. आमच्या संघटनेत सगळं सभासद क्रमांकानं चालतं. खुर्च्या त्या क्रमानं, ग्रुप फोटो त्या क्रमानं, शोकसभेत बोलायचं तेही त्याच क्रमानं. एक सर्जन म्हणाले, "मॅडम, आम्ही बोर्ड लावला तेव्हा तुम्ही शाळेत होत्या."

"सर, साप सिनिऑरिटी पाहून चावत नाही."

"पण पोस्टर तं माणसं पाहतीन ना!"

ज्येष्ठतेनुसार पहिलं नाव येत होतं राऊत सरांचं. वय एकोणऐंशी. दवाखाना कधीचाच बंद. नंबर घरच्या लँडलाइनचा.

"ते डोळ्यांचे डॉक्टर आहेत!" मी जवळजवळ ओरडले.

"ते संस्थापक सदस्य आहेत," ढोके सर म्हणाले. मग आवाज मऊ करून, "बेटा, चौदा नंबर आहेत. एकानं नाही उचलला तं दुसरा उचलंल. काऊन वाद घालून राह्यली? तुले पोस्टर पाहिजे की नाई?"

जून दारात होता. आणखी एक पेरणी बॅगेत घालवायची नव्हती. मी सही केली. ती सही मला आजही टोचते.

*

पोस्टर लागलं. एका दुपारी न राहवून मी सगळे नंबर लावून पाहिले. राऊत सरांचा सोडून. त्यांना दुपारच्या झोपेतून उठवणं जिवावर आलं. उरलेल्या तेरांपैकी चौघांनी उचलला. त्यातल्या दोघांनी विचारलं, "कोणतं पोस्टर?" एकाचा नंबर छापताना चुकला होता, तो टायरच्या दुकानात लागला. तिथला माणूस सगळ्यांत भला निघाला. "साप चावला असंल तं मी गाडी घेऊन येतो मॅडम, पत्ता बोला!"

घरी येऊन मी समितीचा राजीनामा लिहिला. कोणाकडे द्यायचा, ते मात्र कळेना. नियमानुसार तो समितीपुढे ठेवावा लागतो, आणि कोरम होत नाही.

*

जुलैतली गोष्ट. दुपारी ओपीडीत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. वयस्कर बाईंचा आवाज.

"मी राऊत बोलते, डोळ्यांच्या डॉक्टरांची मिसेस. संघटनेच्या डायरीतून तुमचा नंबर घेतला. कोण्या बाईले साप चावला म्हणे, वावरात तण निंदताना. हे लँडलाइनवर तिच्या नवऱ्याशी बोलून राह्यले. तुम्हाले देवळीच्या सरकारी दवाखान्याच्या गेटवर उभं राहायला सांगितलं. औषध काढून ठेवा म्हणते. लवकर जा बाई, हे माझ्यावरच ओरडून राह्यले!"

पहिलाच फोन, आणि पहिल्याच नंबरवर. एकोणऐंशी वर्षांचे डोळ्यांचे डॉक्टर! मी पेशंटना बसवून धावत सुटले. दवाखान्यात सांगितलं, तिथल्या सिस्टरनी औषध बाहेर काढलं, स्ट्रेचर गेटवर आलं.

ऑटो आला. मागे बाई आडवी, हाताला वर्तमानपत्राची घडी, सैल बांधलेली. नवरा तिच्या तोंडाकडे एकटक बघत बसलेला. फोन ऑटोवाल्याचा होता, त्याच्या शर्टाच्या खिशात, स्पीकरवर. खिशातून म्हातारा, खणखणीत आवाज येत होता.

"पापणी?"

"वर आहे जी!" नवरा ओरडला.

"दोन्ही?"

"दोन्ही!" मग थांबला. "नाई जी. डावी थोडी खाली आली."

"गेटवर मॅडम असतील, त्यांना आधी हे सांग. आधी हे!"

नागाचं विष चढायला लागलं की श्वासाच्या आधी पापणी जड होते. मी ते पुस्तकात वाचलं होतं. राऊत सरांनी पापण्या बघण्यातच आयुष्य काढलं होतं. शेतापासून गेटपर्यंत त्यांनी दर मिनिटाला तेच विचारलं होतं. आत आम्हाला काही शोधावं लागलं नाही. दाखल करताच औषध सुरू झालं. तासाभरानं डावी पापणी हळूहळू उचलली, आणि बाई नवऱ्याला म्हणाली, "माहं खुरपं वावरातच राह्यलं."

मी बाहेर आले. गेटपाशी ऑटो तसाच उभा. ऑटोवाला फोन हातात धरून, कानापासून लांब, माझीच वाट बघत होता.

"मॅडम, तुमीच बोला आता," तो म्हणाला. "म्या तीनदा सांगतलं, बाई आत गेली, सुई लागली, बरी आहे. तरी फोन नाई ठेवून राह्यले. म्हणते, 'बरं मग, आता तुह्या पापण्या कशा आहे ते सांग!'"