उलटी फेरी

आमचे बाबा, फाउस्तिनो, स्पेनमधल्या सालामांकात चाळीस वर्षं न्हावी होते. तेवढ्या काळात खुर्चीत बसलेल्या एकाही माणसाचं म्हणणं त्यांनी मान्य केलं नाही. घरातल्यांचं काय विचारता!

आजी गेली तेव्हा बेनिग्नोकाका अर्जेंटिनाहून आले नाहीत. त्यावरून दोघा भावांचा बावीस वर्षं अबोला. गेल्या शनिवारी काकांचा हॉटेलातून मला फोन आला, "उद्या बारा वाजता, घड्याळाखाली. दीडला माझी बस, मग विमान." कुठलं घड्याळ हे आमच्या गावात कुणी विचारत नाही. मोठ्या चौकातलं. बाबा एकोणऐंशीचे, काका शहात्तरचे. पुन्हा भेट कसली होतेय!

रविवारी मी बाबांना घड्याळाखाली उभं केलं. पाच मिनिटांत स्वारी कमानींखालून चालू लागली.

"आता कुठं निघालात?"

"फिरायला. मी थोरला. मी त्याची वाट बघत ताटकळू? तो थांबेल, मी सहज फिरत फिरत येईन."

काकाही त्याच आईचे! तेही थांबले नाहीत. बघते तर समोरच्या कमानीत, हातात टोपी घेऊन, सहज फिरतायत. आमच्या चौकाची जुनी रीत अशी की पुरुष घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणार आणि बायका उलट्या. म्हणून तर पोरापोरींची नजरानजर व्हायची. पण दोन म्हातारे एकाच बाजूनं, एकाच चालीनं फिरले तर भेटणार कधी, कपाळ?

"बाबा, उलटे फिरा ना!"

"मी काय बाई आहे?"

मी धावत उलट्या बाजूनं जाऊन काकांना गाठलं. "काका, मी निएवेस. जरा थांबा, बाबा मागून येतायत."

"अगदी आमच्या आईचा चेहरा घेतलायस गं." त्यांचे डोळे भरले, पण पाय थांबेनात. "मी समुद्र ओलांडून आलो. त्याला नुसतं वळायला काय धाड भरलीय?"

डोकं फिरलं माझं. परत येऊन बाबांना सगळं जसंच्या तसं ऐकवलं. त्यांनी अजून एक फेरी मारली. एक वाजला. मग एकदम थांबले आणि वळले. बायकांच्या बाजूनं!

"काय फाउस्तिनो, झगा कधी शिवायला टाकलास?" ओळखीचा वेटर ओरडला. बाबांचे कान लाल झाले, तरी चालत राहिले. मध्ये सहलीवाल्यांचा लोंढा घुसल्यामुळे पलीकडचं काही दिसेना. आम्ही एक फेरी मारली, दुसरी मारली. काका कुठंच नाहीत.

दीडला मिनिटभर कमी असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. काकाच होते, बसस्टँडवरून.

"निएवेस, मी शेवटच्या दोन फेऱ्या बायकांच्या बाजूनं मारल्या गं. लोक हसले मला. तरी तो समोर आला नाही. त्याच्या मनातच नाही. जाऊ दे."

"काका, थांबा!" मी किंचाळले आणि फोन बाबांच्या कानाला लावला.

"अरे गाढवा, मीपण उलटाच फिरत होतो रे!"

पलीकडून कुणा मुलीचा आवाज आला. "आजोबा, ते माझा फोन मला परत देऊन बसमध्ये चढले. बस निघाली पण."