पन्नास किलो आणि साबुदाणा

आमच्या दर्पण कॉलनीतल्या घरात बॉक्सिंगवरून जेवढी भांडणं होतात, तेवढी इतरांकडे जमीनजुमल्यावरूनही होत नसतील. बाबा फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मते खरं बॉक्सिंग म्हणजे हेवीवेट, तेही लढती पंधरा फेऱ्यांच्या असत त्या काळातलं. हलक्या वजनांचं म्हणजे नुसती डासांची गुणगुण. मी पन्नास किलोच्या गटात खेळते, म्हणजे मीही डासच! हलक्या गटांतली ती चपळाई, एका श्वासात पडणारे चार ठोसे, यावर मी तासन् तास बोलू शकते. मी बोलायला लागले की बाबा टीव्हीचा आवाज वाढवत. माझी एकही लढत त्यांनी पाहिली नव्हती आणि ते मला फार लागायचं.

या वर्षी निवड चाचणी मुरारला होती. नेमकी माझी स्कूटी बंद पडली, म्हणून बाबा सोडायला आले. मी हवेतच होते. आज तरी ते बघणार होते!

आदल्या दिवशी एकादशी होती आणि माझं वजन अगदी काठावर. आई म्हणाली होती, उपास कर, आपोआप उतरेल. मी इमानेइतबारे उपास केला. दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी, भरपूर दाण्याचं कूट, वर रताळ्याचा गोड कीस. सकाळी काट्यावर उभी राहिले, तर तीनशे ग्रॅम जास्त. तासाभरात उतरवा, नाहीतर नाव कटलं, असं वजन घेणाऱ्या बाईंनी सांगितलं.

मला रडूच फुटलं. काल काय खाल्लं ते बाबांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी स्वतःचं जाडजूड जाकीट माझ्या अंगात चढवलं, हातात उड्यांची दोरी दिली आणि भर उन्हात घड्याळ बघत उभे राहिले. मी थांबले की फौजी आवाजात दम देत. तास संपायच्या आत काटा पन्नासवर आला आणि मी तिथेच नाचले.

मग लढत. पाय जमिनीला लागतच नव्हते! तिन्ही फेऱ्या कधी संपल्या ते कळलं नाही. पंचांनी माझा हात वर केला, तेव्हा मी आधी बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीवर नव्हतेच, पार रिंगच्या दोरांपाशी येऊन उभे होते.

घरी परतताना बाबा म्हणाले, "तीन राउंड तर सुरू होताच संपले. तुम्हा लोकांना पंधरा पाहिजेत."