पाहुण्यांपुढची चाल

पडदेवाल्या काकूंचा जन्म बसून गेला. शिलाई मशीनच्या मागे खिडकीशी एक लाकडी खुर्ची, तिच्यावर दबून दबून पापड झालेली उशी, आणि चारी बाजूंना लोकांच्या पडद्यांचे ढीग. काका हयात होते तोवर गिऱ्हाइकांच्या खिडक्या मोजायला तेच जायचे. "आमच्या हिचा प्रवास मोठा," ते म्हणायचे, "मशीनपासून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून मशीनपर्यंत." काकूही हसायच्या. खोटं काय होतं त्यात?

अशा बाईला विद्यापीठात चालायला बोलावलं, हीच मुळात गंमत. झालं असं की विद्यापीठातल्या एका प्रोफेसरबाईंना प्रयोगशाळेसाठी जाड काळे पडदे हवे होते. काका नुकतेच गेले होते, म्हणून लावायला काकू स्वतः गेल्या. लांबलचक खोली, भिंतींवर कॅमेरे, मधोमध रबराची पट्टी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली माणसं पुन्हा चालायला शिकतात, त्यांना मदत करणारं यंत्र बनवायचं होतं. त्यासाठी आधी धडधाकट माणसं कशी चालतात ते टिपायचं होतं. बाईंनी काकूंना शिडीवरून उतरताना पाहिलं आणि विचारलं, "तुमचे गुडघे दुखतात का हो?"

"दुखायला ते वापरावे लागतात," काकू म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यापासून काकू तिथे जाऊ लागल्या. गुडघ्याला, घोट्याला, कमरेला चमकणारे मणी चिकटवायचे आणि पट्टीवरून ये-जा करायची. बाई दर वेळी सांगायच्या, "रोज चालता तशा चाला, काकू." आता, चार माणसं टक लावून बघत असताना रोजच्यासारखं कोण चालतं? घरी पाहुणे आले की आपण फुटका कप मागे सारतो आणि चांगला पुढे करतो. काकूंनी चालही तशीच पुढे केली. पाठ ताठ, पाऊल लांब, टाच ठामपणे टेकवून भराभर. यात कुणाला फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. चांगलं ते द्यावं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

वर बाई कौतुक करायच्या. "काय सुरेख चालता! दर वेळी अगदी तस्संच!" काकू हरभऱ्याच्या झाडावर चढल्या त्या उतरल्याच नाहीत. बाकीचे लोक दोनचार खेपांनंतर कंटाळून गळाले. काकू मात्र संशोधन संपेपर्यंत जात राहिल्या. घराबाहेर पडायला निमित्त मिळत होतं आणि नवरा गेल्यापासून इतक्या आपुलकीनं त्यांच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. पुढे एका कंपनीनं ते संशोधन घेतलं, विद्यापीठात समारंभ झाला, भाषणांत 'समाज' हा शब्द पुष्कळदा आला. काकूंनी मागच्या रांगेत बसून केक खाल्ला आणि घरी येऊन पडदे शिवायला घेतले.

त्याला काही वर्षं झाली. काकूंची एकुलती एक मुलगी, घरात जिला चिमणी म्हणत, नवऱ्यासह आईच्याच घरी राहत होती. जावयाचा कारखाना बंद पडला होता आणि घर चिमणीच्या नोकरीवर चाललं होतं. नोकरी एका भल्यामोठ्या गोदामात. लोक घरबसल्या वस्तू मागवतात, त्या मांडण्यांमधून शोधून ढकलगाडीत गोळा करायच्या. दिवसभर पायपीट. पायपीट परवडली, पण वर्षभरापूर्वी गोदामवाल्यांनी सगळ्यांच्या घोट्याला एकेक पट्टा बांधला. चाल मंदावली किंवा पाऊल आखूड पडलं की पट्टा थरथरायचा आणि तशी नोंद व्हायची. चिमणीची टाच सुजली होती. तिचा पट्टा दिवसभर थरथरत असे. परवाच सुपरवायझरनं बोलावून सांगितलं होतं, सोमवारपर्यंत सुधारणा दिसली नाही तर दुसरी नोकरी बघा.

त्या संध्याकाळी चिमणी गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसली होती. पट्टा टेबलावर पडला होता. काकूंनी तो उचलून उलटसुलट पाहिला.

"एवढंसं हे, आणि माझ्या पोरीला रडवतं?"

"घालून बघ. कळेल."

काकूंनी पट्टा घोट्याला बांधला आणि नेहमीसारख्या ओट्याकडे निघाल्या. चार पावलांत पट्टा थरथरला. परत येतानाही थरथरला.

"घे, मीसुद्धा नापास," काकू म्हणाल्या. लेकीचा चेहरा उतरलेला पाहून त्यांना जरा मस्करी सुचली. "थांब, तुला माझी विद्यापीठातली चाल दाखवते. बाई खूश व्हायच्या." त्यांनी पाठ ताठ केली, पदर खोचला आणि दारापासून खिडकीपर्यंत ठसक्यात चालून दाखवलं.

पट्टा गप्प.

त्या वळल्या, परत आल्या. पट्टा गप्पच. वरचा बारका दिवा हिरवा झाला होता.

"बंद पडला का गं?" काकूंनी विचारलं.

चिमणी बादलीतून पाय काढून तशीच ओली उभी राहिली. "बंद नाही. आई, हा दिवा हिरवा होतो हे मला माहीतच नव्हतं. आमच्यात कुणाचाच होत नाही. पळणाऱ्या पोरांचासुद्धा नाही. परत चाल."

काकू परत चालल्या. साध्या चालीला पट्टा थरथरे, विद्यापीठातल्या चालीला दिवा हिरवा. पुन्हा तेच. चिमणीनं पट्टा सोडून आतली बाजू दिव्याखाली धरली. तिथे बारीक ठसा होता, विद्यापीठाचं चिन्ह. आपण हातातलं काहीतरी पाडलं आणि ते कुणाच्या तरी डोक्यात पडलं, असं काकूंना झालं. त्या खुर्चीत बसल्या, पण बसल्याचं त्यांना कळलं नाही.

"तुझी चाल आहे ही," चिमणी हळू आवाजात म्हणाली. "वर्षभर मी तुझ्यामागे पळतेय."

शनिवारी सकाळी काकू विद्यापीठात हजर झाल्या. प्रोफेसरबाईंची खोली आता मोठी झाली होती, भिंतीवर कंपनीच्या साहेबांबरोबरचा फोटो होता. बाईंनी त्यांना लगेच ओळखलं आणि उठून खुर्ची दिली. काकूंनी बसायच्या आतच सगळं सांगून टाकलं.

बाई आधी नुसत्या मान हलवत होत्या. "गोदामात? नाही हो काकू. ते आजाऱ्यांसाठी होतं." मग त्यांनी कंपनीतल्या कुणाला तरी फोन लावला. फोनवर त्या ऐकतच राहिल्या. फोन ठेवून त्या काकूंकडे वळल्या. "करारात तसं बसतं म्हणतात. चाल त्यांनी विकत घेतली, कुठे वापरायची ते त्यांनी ठरवायचं. बाकीच्यांच्या नोंदी अर्धवट होत्या, म्हणून आदर्श म्हणून आम्ही फक्त तुमचीच धरली होती."

"पण मॅडम, ती माझी चालच नव्हे," काकू म्हणाल्या. "मी तशी कधीच चालत नाही. तुम्ही बघत होता म्हणून तशी चालायचे."

बाईंना आधी ते समजलं नाही. काकूंनी उठून दोन्ही चाली चालून दाखवल्या. साधी चाल बघता बघता बाई टेबलाची कड धरून खाली बसल्या.

मग म्हणाल्या, "हॉस्पिटलमधल्या यंत्रातसुद्धा हीच चाल आहे, काकू. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी हट्टानं तिला त्याच यंत्रावर चालायला लावलं. यंत्र सारखं कमी पडतंय, कमी पडतंय म्हणायचं. ती रडायची. मी तिला आळशी म्हटलं." त्यांनी चष्मा काढला. "तिनं शेवटी चालणंच सोडलं. पलंगावरच गेली ती."

आपण भांडायला आलो होतो हे काकू विसरल्या. या खोलीत दोष कुणाच्या पदरात टाकायचा, हे त्यांना कळेना. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "आता काय करायचं?"

"मी लेखी कळवते. संशोधन चुकलंय म्हणून जाहीर सांगते. माझं जे व्हायचं ते होईल." बाई खरं बोलत होत्या हे काकूंना दिसलं. "पण समित्या बसतील, कंपनीचे वकील येतील. महिने जातील, काकू."

"पोरीला सोमवारी बोलावलंय."

बाईंनी पत्र लिहायला कागद पुढे ओढला.

काकू घरी आल्या तेव्हा जावई बाहेर गेला होता. चिमणीनं पडद्यांचे ढीग भिंतीला सारून दारापासून खिडकीपर्यंत वाट मोकळी केली होती. घोट्याला पट्टा बांधून ती उभी होती. काकूंनी बाईंचं सगळं बोलणं सांगितलं.

"महिने माझ्याकडे नाहीत, आई," चिमणी म्हणाली. "मला ती चाल शिकव."

"वेडी आहेस का? टाच बघ तुझी. मोडून पडशील."

"नोकरी गेली तरी मोडूनच पडणार आहे. शिकव."

काकू नको नको म्हणत राहिल्या. मग बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, पाठ ताठ कर. पाऊल जरा लांब टाक. टाच आधी. चिमणीनं टाच टेकवली, ओठ दाताखाली धरला आणि निघाली. पट्टा थरथरला. ती वळून पुन्हा दाराशी आली. पट्टा पुन्हा थरथरला. तिच्या कपाळावर घाम आला होता. अध्येमध्ये एखादं पाऊल बरोबर पडे आणि दिवा क्षणभर हिरवा होऊन विझे.

"जमतंय," काकू म्हणाल्या. "सुरेख. अगदी तस्संच, परत एकदा."

आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. चिमणीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती दाराशी जाऊन पाठ ताठ करत होती.