आईच्या पिशवीतली ब्लूबेल्स

माझा स्वभाव संशयी आहे असं घरातले म्हणतात. मी म्हणते, चौकस. आमच्या इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या घरामागे एक लहानसं रान आहे. एप्रिल सरता सरता तिथे झाडांखाली ब्लूबेल्स फुलतात. वरची पालवी दाट व्हायच्या आत, ऊन जमिनीपर्यंत पोचतंय तोवर फुलून घ्यायचं, अशी त्यांची घाई असते. निळी, मान खाली घातलेली, आणि वास असा की फाटकापाशीच पाय अडतात. या रानाची निगा राखणाऱ्या व्हॉलंटियर्सच्या ग्रुपमध्ये मी आहे. पायवाटेच्या कडेला ओंडके लावायचे, पाट्या ठोकायच्या आणि आत घुसणाऱ्यांना हसून सांगायचं, 'प्लीज, वाटेवरूनच चाला.' ते हसणं मला जड जातं. एकदा पानं पायाखाली चिरडली की ते झाड वर्षानुवर्षं सावरत नाही, आणि लोक खुशाल फोटोसाठी पोरांना नेऊन त्यात बसवतात!

यंदा ब्लूबेल्स फुलायच्या सुमारास आई सांगलीहून आमच्याकडे राहायला आली. इथे तिचं मन रमवायला फारसं काही नाही. आम्ही नवरा-बायको कामावर, टीव्हीवरचं तिला कळत नाही, बोलायला कुणी नाही. सकाळी उठून साडीवर फ्लीसचं जॅकेट आणि पायात स्पोर्ट्स शूज चढवायचे, मागच्या दाराने रानात जायचं आणि तासाभराने यायचं, एवढाच काय तो तिचा स्वतःचा वेळ. परत यायची तेव्हा गाल लाल झालेले असायचे आणि गुडघ्यांची तक्रार नसायची. मला फार बरं वाटायचं. मग एक दिवस देव्हाऱ्यात निळी फुलं दिसली आणि माझं बरं वाटणं संपलं.

आमच्या आईचा इतिहास मला पाठ आहे. सांगलीत सकाळी फिरायला निघाली की तिच्या हातात धुतलेली प्लास्टिकची पिशवी आणि छत्री असायची. पाऊस असो वा नसो. छत्रीच्या मुठीने लोकांच्या कंपाउंडमधल्या फांद्या खाली ओढायच्या आणि जास्वंद, तगर, कण्हेर, जे हाताला लागेल ते पिशवीत. कुणी हटकलंच तर "देवासाठी घेतेय हो" म्हणायचं, की समोरचा गप्प. देवासाठी घेतलेलं फूल चोरीचं नसतं, हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा. लहानपणी मी तिच्यासोबत असायचे, आणि लाजेने दहा पावलं मागे चालायचे.

"ही कुठली गं?" मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"शेजारच्या बाईंनी दिली."

आता आमची शेजारीण! एकटी राहणारी, सत्तरी ओलांडलेली, आपल्या बागेत कुणी डोकावलं तरी कपाळाला आठी. मला आजवर 'मॉर्निंग'च्या पुढे शब्द मिळालेला नाही. ती आईला फुलं देणार? आणि कुठल्या भाषेत? थाप मारायची तर जरा पटेलशी तरी मारावी.

तेव्हापासून मी पाळत ठेवली. आईच्या बुटांना काळी ओली माती असायची, म्हणजे ही वाट सोडून जाते. पिशवी रोज थोडी जास्त फुगलेली. मी किचनमध्ये आले की ती पिशवी पदराआड जायची, निदान मला तसं वाटायचं. नवरा म्हणाला, "अगं, आई आहे तुझी, अट्टल गुन्हेगार नाही." त्याला काय जातंय बोलायला, त्याने छत्रीची मूठ पाहिलेली नाही.

शनिवारी आम्ही व्हॉलंटियर्स रानाच्या फाटकापाशी जमलो. मधल्या वाटेलगतची बरीच फुलं कुणीतरी खुडली होती, नुसते दांडे उभे होते. कुत्रं घेऊन फिरणारा एक गृहस्थ म्हणाला, "सकाळी एक एशियन लेडी दिसते. हातात कॅरिअर बॅग असते." कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे सगळ्यांनी ठरवून बघितलं नाही. "या गावात एशियन लेडीज काय कमी आहेत?" मी माझ्या सगळ्यात टोकदार इंग्रजीत म्हणाले. संताप त्याचाही आला आणि आईचाही. घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं, फुलं तिनेच खुडली असतील तर आईचं सकाळचं फिरणं बंद. नवऱ्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "मग इथे ती करणार काय?"

रविवारी आई मागच्या दाराने आत आली, तेव्हा मी टेबलाशी बसूनच होते.

"दाखव पिशवी."

"काय झालं?"

"कुठून आणलीस ते खरं सांग."

"सांगितलं ना, शेजारच्या बाईंनी दिली."

"मला तिने कधी साधं पान दिलं नाही!"

"तुला नसेल दिलं."

"आणि काय गं, बोलली काय ती तुझ्याशी?"

"काय बोलली ते मला काय ठाऊक? रानातून जाता जाता तिच्या मागच्या दारापाशी दिसली. मला आत बोलावलं, फुलं दाखवली, माझी पिशवी दाखवली. एवढं न कळायला मी काय खुळी आहे?"

मी पिशवी ओढूनच घेतली. आईने सवयीने देठ काढून सुटी फुलं आणलेली, त्यामुळे मान रानातल्यासारखी झुकलेली की बागेतल्यासारखी ताठ, हे कळायला मार्ग नाही. चष्मा वरच्या मजल्यावर राहिलेला. पण एक खूण मला पक्की माहीत होती. रानातल्या ब्लूबेलला गोड वास असतो. बागांमधून पसरलेली जी स्पॅनिश जात, जिचा आम्हा रानवाल्यांना धसका आहे, तिला वास जवळजवळ नसतोच. मधमाश्या तिचे पराग रानात नेतात, भेसळ होते आणि मूळची फुलं हळूहळू मागे पडतात. मी पिशवीत नाक खुपसलं आणि जोरात श्वास घेतला.

वास नाही. नुसता ओल्या पानांचा हिरवट दर्प.

"हुश्श!" मी चक्क हसले. "अगं, ही बागेतलीच आहेत!"

आई हसली नाही. "हुंगलीस?"

"अगं, बघत होते फक्त..."

"हुंगलेलं फूल देवाला वाहत नाहीत."

हे मला बोलता यायच्या आधीपासून ठाऊक होतं. आईने पिशवी माझ्या हातातून घेतली, फुलं एका वाडग्यातल्या पाण्यात टाकली आणि वाडगा खिडकीत ठेवला. त्या दिवशी देवांना नुसत्या गंध-अक्षता मिळाल्या. पूजा करून उठताना ती म्हणाली, "तुला मी चोर वाटले."

"नाही गं."

"वाटले."

मला रडू आलं, आणि रागही आला. "मग आधीच नीट का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? नुसती बघत होतीस."

तरीही दुपारी मी कुंपणापाशी गेलेच. स्वभावाला औषध नाही. शेजारीण फावडं टेकून उभी होती. म्हणाली, "तुझी आई फार कामाची आहे. हे कंद उपटायला माझी कंबर साथ देत नाही. निदान फुलं तरी बी धरायच्या आत जातायत. रान इतकं जवळ, मला धास्तीच असते." तिच्या कुंपणालगत स्पॅनिश ब्लूबेल्सच्या रुंद पानांची रांग होती, आणि दांड्यांवर एक फूल शिल्लक नव्हतं. मी थँक यू म्हणाले. तीही आठी न घालता 'बाय' म्हणाली.

ग्रुपलाही मी सगळं सांगितलं. कुत्रेवाला गृहस्थ म्हणाला, "हाउ लव्हली." सॉरी नाही की काही नाही. रानातली फुलं कुणी खुडली ते कळलंच नाही. हरणं खातात, असं एकजण म्हणाला. मला अजून त्या कुत्रेवाल्याचाच संशय आहे.

सोमवारी आई नेहमीसारखी बाहेर पडली. ती आली तेव्हा मी मुद्दाम तिच्याकडे पाठ करून चहा गाळत होते, पिशवीकडे बघायचं नाही असं ठरवून. ती माझ्याजवळ आली. पिशवीतलं एक फूल काढून तिने माझ्या कपाशेजारी ठेवलं.

"हे एक तू हुंग," ती म्हणाली. "बाकीची देवाची आहेत."