हेप्सिबाबाईंच्या फुल्या

मेणबत्त्या अजून करंगळीएवढ्याच झाल्या होत्या. चरबीच्या कढईत वाती बुडवायच्या, काढायच्या, गार होऊ द्यायच्या, पुन्हा बुडवायच्या. दुपार कलली तरी हेप्सिबा कोल उभीच होती, आणि गुडघे सकाळपासून बोलत होते. समोरच्या बाकावर सात पोरं स्तोत्र घोकत होती. बावीस वर्षं बॉस्टनच्या दक्षिणेच्या या किनाऱ्यावरच्या गावाची लहान मुलं तिच्याच स्वयंपाकघरात वाचायला शिकत होती. बदल्यात आईबाप हिवाळ्याची लाकडं टाकत. नवरा समुद्रात बुडून गेल्यापासून तिच्या चुलीला दुसरा आधार नव्हता.

मुलं सुटून घरी गेली आणि गावचा कारकून एलियाकिम वही काखेत धरून आत आला. तोही लहानपणी तिच्याच बाकावर शिकलेला.

"बाई, बसा जरा. गावसभेनं ठरवलंय. यंदापासून शाळा चालवणाऱ्यानं या वहीत स्वतःच्या हातानं नाव लिहायचं. नुसती फुली चालायची नाही."

"आणि नाही लिहिलं तर?"

"प्लिमथहून एक बाई यायला तयार आहे. लिहिता येतं तिला."

हेप्सिबा स्टुलावर टेकली. बायबल ती कुठूनही उघडून घडाघडा वाचे, पण तिच्या लहानपणी मुलींना फक्त वाचायला शिकवत, लिहायला नाही. लेखणी मुलग्यांच्याच हाती जायची. लग्नाच्या कागदावर तिची फुली, नवरा गेल्यावर झालेल्या त्याच्या सामानाच्या यादीवरही फुलीच.

"तुला अक्षरं कुणी शिकवली रे? अक्षरांच्या पाटीवर बसवलेलं शिंगाचं झाकण चावून चावून पातळ केलं होतंस."

"चावलं ते भुकेनं, बाई. चिडू नका. मी सांगितलं सभेला, पण म्हाताऱ्यांनी ऐकलं नाही."

तिनं लेखणी धरून पाहिली. पहिल्याच रेघेला शाईचा डाग पडला. एलियाकिमनं वाळू टाकून तो टिपला. सोडून द्यावं सगळं, असं तिच्या मनात आलंही. पोरांची नाकं पुसायला नकोत. पण मग लाकडं कोण टाकणार? देवा, दमले रे, असं ती मनातच म्हणाली.

आणि तिची नजर चुलीवरच्या भिंतीकडे गेली. तिथे नऊ वर्षांची असताना तिनं सुईनं भरलेला कापडाचा तुकडा टांगला होता. वर्णमाला, एक पाखरू, खाली तिचं माहेरचं नाव. प्रत्येक अक्षर बारीक फुल्यांचं, धागे मोजून भरलेलं.

"एलियाकिम, स्वतःच्या हातानं एवढंच म्हणालेत ना? कसं लिहायचं ते नाही?"

"तसं... नाही म्हणाले."

ती वहीवर वाकली. एक फुली, तिच्याखाली दुसरी, मग आडवी ओळ, कापडावरच्या अक्षरासारखी. सुई धरावी तशी लेखणी चिमटीत, ओठांत मोजणी. बापानं एवढं लांब नाव का ठेवलं, असं एकदा ती पुटपुटली. माहेरचं आडनाव गाळून कोल घातलं. डोळ्यांना पाणी आलं, पाठ आखडली. संपेपर्यंत उजेड खिडकीबाहेर गेला होता.

एलियाकिमनं वही खिडकीशी नेऊन धरली. "बाई, आयुष्यभराच्या फुल्या एका पानावर काढल्यात! वाचता मात्र येतंय हां, हेप्सिबा कोल. सभा हसेल."

"हसू दे. त्यांना फुली नको होती, नाव हवं होतं. मिळालं."

त्यानं वर वाळू टाकली, फुंकली, वही मिटली. "लाकडं सोमवारपासून येतील. मुलंही नऊ होणार यंदा, बरं का."

"नऊ," ती म्हणाली. त्यात आनंद होता की नाही, तिलाही सांगता आलं नसतं. तिनं देवाचे आभार मानले, मोजकेच.

तो गेल्यावर तिनं कढईत पाहिलं. चरबी थिजून पांढरी झाली होती. नावाच्या नादात चुलीकडे लक्षच राहिलं नव्हतं, राखेत एक निखारा उरला नव्हता. दांडीवर अर्ध्या मेणबत्त्या लोंबत होत्या. तिनं शाल घेतली, झाकणाचं भांडं उचललं आणि शेजारच्या डोनबाईंकडे विस्तव मागायला निघाली.