बावीस मिनिटांची हजामत

दाजींच्या दुकानात हजामतीला बावीस मिनिटं लागत. एकवीस नाही की तेवीस नाही. रेकॉर्डची एक बाजू तेवढीच होती.

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. दुसऱ्या खुर्चीवर त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ काम करी. तो दिवसभर ‘दाजी, तुरटी द्या’, ‘दाजी, जरा सरका’ करायचा, म्हणून सगळी गल्लीच त्यांना दाजी म्हणू लागली. पोस्टमन म्हणे, वकील म्हणे, वकिलाचे म्हातारे वडीलही म्हणत. एका बायकोपायी माणूस अख्ख्या गल्लीचा दाजी झाला.

रेकॉर्ड दिली ती शाळेतल्या संगीताच्या मास्तरांनी. निवृत्त होऊन ते मुलीकडे राहायला निघाले होते. शेवटची दाढी करायला आले, तेव्हा काखेत रेकॉर्ड प्लेयर आणि हातात ही एकच तबकडी. म्हणाले, “दाजी, हे ठेवा. घरात कुणी बसून ऐकत नाही. तुमच्याकडे माणसांना बसावंच लागतं.”

“कसली गाणी आहेत?”

“याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. पण या परदेशी पोरांनी त्यांच्याकडच्या खेड्यांतली जुनी गाणी त्यात कालवलीत.”

“प्रोग्रेसिव्ह म्हणजे?”

मास्तरांनी थोडा विचार केला. “म्हणजे लवकर संपत नाही.”

तबकडीच्या पाकिटावर एक टेकडी होती, आणि तिच्यावर कमरेपर्यंत केस वाढवलेले पाच बाप्ये. मेहुण्याने ते न्याहाळून पाहिलं नि म्हणाला, “दाजी, हे आपल्या धंद्याचे वैरी आहेत. यांना दुकानात घेऊ नका.”

दाजींनी घेतलं. पहिल्या दिवशी सुई टेकवली, तेव्हा आधी नुसती बासरी आली. कुणी तरी टेकडीवर बसून स्वतःसाठीच वाजवतंय अशी. मग विजेची गिटार आली, ड्रम आले, आणि त्यांनी तो बासरीचा सूर उचलून असा काही पळवला की समोरच्या किराणावाल्याने वजन करता करता मान वर केली. पण दाजींचा हात थांबला तो आवाजामुळे नव्हे. ठेक्यामुळे. तो ठेका लंगडा होता. तीन, दोन, दोन. तीन, दोन, दोन.

दाजी लहान असताना घरच्या अंगणात तिघी बहिणी काठ्यांनी कणसं झोडपत. आई, थोरली मावशी आणि धाकटी मावशी. धाकटीचा खांदा दुखरा. तिची काठी जरा उशिरा पडायची आणि बाकीच्या दोघी न बोलता तिच्यासाठी थांबायच्या. त्या थांबण्याचाच एक ठेका झाला होता. त्यावर गाणंही होतं. तिघी गेल्या, कणसं झोडपायला यंत्र आलं, आणि तो ठेका जगातून गेला असं दाजी धरून चालले होते. आता तो परदेशातल्या पाच केसाळ बाप्यांकडे निघाला! भाषेचं अक्षर कळत नव्हतं. पण दुखऱ्या खांद्याची मावशी त्यांच्याकडेही होती, एवढं दाजींना स्वच्छ कळलं.

तेव्हापासून कामाची घडी बसली ती बसलीच. बासरीला केस ओले करायचे, भांग पाडायचा. ड्रम आले की कात्री. मधे सगळी वाद्यं थांबून एक बाई एकटीच गायची. तिथे वस्तरा, कारण तिथे ठेका नव्हता आणि गिऱ्हाइकाचा गळा होता. शेवटी सगळे मिळून बासरीच्या पहिल्या सुरावर परत येत, तेव्हा मानेवर पावडर. अकरा वर्षं दोन खुर्च्यांवर दोन कात्र्या तीन, दोन, दोन अशा चालल्या. मेहुणा कुरकुर करी. “इथे दाढीला यायचं तर माणसाने डबा घेऊन यावं.” पण त्याचीही कात्री त्याच चालीवर चाले.

एका सकाळी पोस्टमन साबण लावून बसला होता. रेकॉर्डवरची बाई गायला लागून वस्तरा हातात यायला अजून सहा मिनिटं होती. “दाजी, साबण सुकत चालला, टपाल वाटायचं कधी?” तो म्हणाला. मेहुण्याचं डोकं फिरलं. त्याने जाऊन सुईच उचलली. घाईत ती तबकडीवर कडेपर्यंत चर्रकन ओढली गेली.

दाजी ओरडले, “हात लावायचा नाही! दुकान माझं आहे.”

अकरा वर्षांत ‘माझं’ हा शब्द त्या खोलीत कधी निघाला नव्हता. मेहुण्याने आपली कात्री, वस्तरा आणि फणी फडक्यात बांधली. “बरोबर आहे,” एवढंच म्हणाला. आठवड्याच्या आत त्याने समोरची खोली घेतली.

घरी बायको जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी बोलली. “माझ्या भावाला तुम्ही एका गाण्यापायी हाकललंत.”

“गाण्यापायी नाही,” दाजी म्हणाले. “एका शब्दापायी.”

“मग तो शब्द परत घ्या की!”

ते काही जमेना. समोरासमोर दोन दुकानं, मधे दहा पावलांचा रस्ता, पण दाजी उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरायचे. आपल्याला शिक्षा म्हणून दाजींनी रेकॉर्ड बंद केली. दुकान मुकं झालं.

समोर मेहुण्याने रेडिओ आणला. तीन तीन मिनिटांची गाणी. पण त्याच्या दुकानातून माणसं बाहेर पडत ती एक कल्ला वर नि एक खाली अशी. वकील तर तडक रस्ता ओलांडून दाजींकडे आले. “हा एवढा सारखा करून द्या.”

“तिथेच जा वकीलसाहेब,” दाजी म्हणाले. “तो चांगला कारागीर आहे. नवीन जागा आहे, हात बसेल.” गिऱ्हाईक परत धाडलं आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसले.

असे वीसेक दिवस गेले. मग एका दुपारी समोरचा रेडिओ मधेच बंद झाला. मेहुणा कात्री घेऊन उंबऱ्यात आला. मागे चादर गुंडाळलेले वकिलाचे म्हातारे वडील खुर्चीत, डोकं अर्धं झालेलं.

“दाजी!” मेहुणा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला. “ते लावा की!”

“काय लावू?”

“आता काय ते नाव घेऊन सांगू? या रेडिओवर हात नुसता पळतो आणि मग अडखळतो. अकरा वर्षं तुम्ही माझा हात बिघडवून ठेवलात. आता निस्तरा!”

किराणावाला हसला. दाजी हसले नाहीत. त्यांनी स्पीकर उचलून रस्त्याकडे तोंड करून खिडकीत ठेवला, तबकडी फडक्याने पुसली आणि सुई टेकवली. ओरखडा होता तिथे बासरी जरा खडखडली, आणि पुढे गेली.

ड्रम आले. समोर कात्री चालू झाली. तीन, दोन, दोन. दाजींनी ती रस्त्यापलीकडून ओळखली, माणूस ओळखावा तशी. आता दुकानात थांबण्यासारखं काही नव्हतं. ते उठले, दहा पावलं चालले आणि समोरच्या उंबऱ्यात उभे राहिले.

“त्या दिवशी मी माझं म्हणालो ना,” त्यांनी सुरुवात केली, “ते दुकान...”

मेहुण्याने मान वर केली नाही. “दाजी, गाणं चाललंय,” तो म्हणाला. “बोलायचं ते नंतर बोला.”

म्हाताऱ्यांनी चादरीतून हात काढून दाजींना गप्प बसायची खूण केली. अजून चौदा मिनिटं बाकी होती. दाजी चौकटीला टेकून उभे राहिले.